झेडपुराण

राजकारणात नावामागे झेड लागलं की माणसाभोवती बंदूकधारी उभे राहतात. कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॅप या सॉफ्टवेअरमध्ये नावापुढे झेड लागलं की प्रोग्रामला वाली उरत नाही. नियम साधा आहे. कंपनीने स्वतः लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीचं नाव झेड किंवा वायने सुरू करायचं, म्हणजे जर्मनीहून नवी आवृत्ती आली तरी ती तुमच्या कामावर बसत नाही. वायकडे फारसं कुणी फिरकत नाही, सगळी वस्ती झेडमध्येच. पंधरा-वीस वर्षं जुन्या कुठल्याही सिस्टिममध्ये शिरून पाहा: झेडटेस्ट, झेडटेस्ट 1, झेडटेस्ट न्यू, झेडटेस्ट न्यू फायनल. यातला एखादा रोज रात्री इमानेइतबारे चालत असतो आणि सकाळी त्याच्यावर गाड्या भरल्या जात असतात. कोणता, ते कुणाला ठाऊक नसतं. म्हणून चौघांनाही कुणी हात लावत नाही.

आयबीएम सोडून आलेल्या पाच इंजिनिअरांनी 1972 साली जर्मनीत सॅपचं हे दुकान टाकलं. हिंजवडीत आज जी मुलंमुली सॅपच्या भाषेत प्रोग्राम लिहिणारे ‘अबॅप डेव्हलपर’ म्हणून बसतात, त्यांचे आईवडील तेव्हा शाळेतही नसतील. मुलाखतीत बायनरी ट्री उलटा करून दाखवलेल्या या मंडळींना पहिलं काम मिळतं ते असं: ‘रिपोर्टमध्ये एक कॉलम वाढवून दे.’

तर बाळांनो, पहिली सूचना इथेच. कॉलम वाढवू नका. आधी रिपोर्ट उघडा, लेआउट बदलायचं बटण दाबा आणि लपवलेल्या कॉलमांची यादी बघा. बऱ्याच वेळा मागितलेला कॉलम तिथे शहाण्यासारखा बसलेला असतो. तो बाहेर काढायला दोन क्लिक लागतात, आणि एस्टिमेटमध्ये तुमच्या लीडने चार दिवस लिहिलेले असतात. हा तुमच्या लीडचा प्रश्न आहे, तुमचा नाही.

कॉलमसाठी मूळ प्रोग्रामची प्रत काढून तिला झेड लावणारे महाभाग प्रत्येक टीममध्ये असतात. प्रत काढली त्या दिवशी ती छानच चालते. मग 1 जुलै 2017 येतो, जीएसटी लागतो. मूळ प्रोग्रामच्या दुरुस्त्या सॅप पाठवतं, सिस्टिम सांभाळणारे बेसिसवाले त्या टाकतात, सगळं पुढे सरकतं. झेडच्या प्रतीला दुरुस्ती कोण पाठवणार? ती आपली अबकारी कराच्या जमान्यात रमलेली. आणि नेमकी तीच प्रत अकाउंट्सच्या बाई वापरत असतात, कारण त्यात ‘तो कॉलम’ आहे.

एवढा घाम गाळून रंगीबेरंगी रिपोर्ट केला, बेरजा लावल्या, लाल-हिरवे दिवे लावले. वापरणारा माणूस उघडल्या उघडल्या कोणतं बटण दाबतो? एक्सेलचं. दिवे गेले तेल लावत. तेव्हा दिव्यांवर वेळ घालवू नका. आकडा एक्सेलमध्ये आकडा म्हणूनच उतरतो ना, की वजाचं चिन्ह आकड्याच्या मागे लटकून त्याचं मजकुरात रूपांतर होतं, एवढं तपासा. लोक दुवा देतील.

आता दुसरी सूचना, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. एक दिवस लॅपटॉप बंद करून कारखान्याच्या स्टोअरमध्ये जाऊन बसा. तिथे एक काका असतात. काकांना अबॅप येत नाही, पण 101 म्हणजे माल आत, 102 म्हणजे तो उलटवला, 261 म्हणजे ऑर्डरवर खर्ची, 601 म्हणजे गिऱ्हाइकाकडे रवाना, हे त्यांना झोपेतही सांगता येतं. तुम्ही नवीन स्क्रीन दाखवता. काका चष्मा वर करतात. ‘ट्रक गेटवर उभा असताना हे अकरा रकाने मी भरू? ड्रायव्हर शिव्या देतो हो.’ मग ते दाखवतात की सातव्या रकान्यात सगळे जण एक टिंब टाकतात, कारण तो सक्तीचा आहे. हे टिंब फंक्शनल स्पेकमध्ये कुठेच नसतं. तुमच्या टेबलात मात्र त्या टिंबाच्या लाखभर नोंदी असतात आणि वरचे साहेब त्यावर डॅशबोर्ड मागत असतात.

त्याच काकांना विचारा, 101 मारल्यावर हिशेबात काय होतं. ते म्हणतील, ‘ते अकाउंट्सला विचारा.’ जा, विचारा. साठा नावे आणि जीआर-आयआर हे मधलं खातं जमा, एवढं जरी डोक्यात बसलं तरी थेट टेबलात आकडा बदलायची खुमखुमी निम्मी कमी होते. प्रत्येक पोस्टिंगला दोन पाय असतात. तुम्ही एका पायाला हात घातला की दुसरा ऑडिटरच्या खोलीत उगवतो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो, कारण त्या शिकवणीत सांगितलेल्याच असतात आणि तरीही सगळे विसरतात.

ग्राहक क्रमांक 1234 पडद्यावर दिसतो तसा टेबलात नसतो. तिथे तो दहा जागा अडवून, पुढे सहा शून्यं लावून बसलेला असतो. तुम्ही 1234 शोधता, काही सापडत नाही, आणि तुम्ही मास्टर डेटाच्या टीमला मेल टाकता की ग्राहकच गायब आहे. शून्यं लावायला तयार फंक्शन आहे, त्याचं नाव अल्फा. मेल टाकण्याआधी ते वापरा.

एका यादीवरून टेबल वाचणारं ‘फॉर ऑल एन्ट्रीज’ लिहिताना हातातली यादी रिकामी नाही ना, ते आधी बघा. रिकाम्या यादीला उत्तरही रिकामंच येईल, असं कुठलाही सरळ माणूस म्हणेल. इथे तसं होत नाही. यादी रिकामी असेल तर अटच्या अट गुंडाळून ठेवली जाते आणि अख्खं टेबल तुमच्या अंगावर येतं. डेव्हलपमेंटमध्ये टेबलात दोनशे ओळी असतात, कळतही नाही. प्रॉडक्शनमध्ये त्याच टेबलात कोट्यवधी असतात. मग डंप पडतो, म्हणजे प्रोग्राम कोसळतो, आणि एसटी 22 मध्ये तुमच्या युजर आयडीसकट तो सगळ्यांना वाचायला मिळतो.

दस्तऐवज बनवणाऱ्या बापी फंक्शनने हसतमुखाने दस्तऐवजाचा क्रमांक दिला म्हणून पार्टी करू नका. कमिट, म्हणजे ती नोंद कायम, कोण करणार? क्रमांक पडद्यावर आला, वापरणाऱ्याने तो डायरीत लिहून घेतला, गिऱ्हाइकाला फोनवरही सांगितला. तासाभराने शोधतो तर असा दस्तऐवज अस्तित्वातच नाही. लॉटरीच्या दुकानात उभं राहिल्यासारखा तो क्रमांक पुन्हा पुन्हा तपासत बसतो बिचारा.

क्रमांकांवरून आठवलं. वेग वाढावा म्हणून क्रमांकांच्या मालिकेला बफर लावण्याची सूचना कुणीतरी हमखास करतं. बफर म्हणजे सिस्टिम क्रमांकांचा गठ्ठा आधीच उचलून ठेवते, सर्व्हर बंद पडला की न वापरलेले वाया जातात. गोदामातल्या अंतर्गत नोंदींना कुणाला त्याचं सोयरसुतक नसतं. पण कर बीजकाचा क्रमांक सलग असावा, सोळा अक्षरांच्या आत असावा, आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये, असं जीएसटीचा नियम 46 सांगतो. मधले वीस क्रमांक कुठे गेले, हे अधिकाऱ्याला समजावताना ‘बफर’ हा शब्द कामाला येत नाही.

मालक कंपनी जपानी असेल तर आणखी मजा. येनला दशांश नसतात, पण टेबलात रक्कम दोन दशांशांच्या साच्यातच कोंबलेली असते. 1000 येन तिथे 10.00 म्हणून नांदतात. रक्कम छापताना चलनाचा रकाना सोबत दिला नाही, तर टोकियोला पाठवलेल्या रिपोर्टात विक्री शंभरपट आक्रसते. टोकियोवाल्यांचे मेल फार नम्र असतात. त्यामुळेच जास्त भीती वाटते.

प्रॉडक्शनमध्ये डीबगर लावून तपासणीच्या निकालातल्या 4 चा 0 करू नका. परवानगीची तपासणी हळूच ओलांडता येते, हे खरं. सिस्टिम लॉगमध्ये त्याची नोंद होते, हेही खरं. आणि ऑडिटरला नेमका तो लॉग बघायचाच एक ट्रान्झॅक्शन कोड पाठ असतो.

आता सगळीकडे स्थलांतराची धांदल आहे. सॅपची नवी पिढी, एस फोर हाना, 2015 मध्ये आली, जुन्या ईसीसीची नेहमीची देखभाल 2027 अखेर संपते, वर पैसे मोजले तर 2030 पर्यंत ढकलता येते. म्हणजे वीस वर्षांचं झेड आता तुमच्या ताटात पडणार. त्यात एक जुना रोग हमखास सापडेल. टेबलातून ओळी काढल्या, क्रम लावला नाही, आणि लगेच बायनरी सर्च चालवला. जुन्या डेटाबेसमधून ओळी बऱ्याचदा आपसूक रांगेत यायच्या, त्यामुळे ते खपून गेलं. नवा हाना डेटाबेस असली मेहरबानी करत नाही. डंप पडत नाही, लाल दिवा लागत नाही, नुसती काही ओळींना किंमतच सापडत नाही. असल्या जागा शोधायला सॅपची तपासणीची साधनं आहेत, ती चालवा. आणि कोण काय वापरतं याची नोंद आधी वर्षभर गोळा करा. वर्षभर म्हणतो, कारण काही प्रोग्राम फक्त 31 मार्चला जागे होतात.

‘आमचा बिझनेस वेगळा आहे’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकू येईल. त्यावर एक गोष्ट ऐका. लिडल नावाची जर्मन किराणा साखळी, म्हणजे सॅपच्या माहेरचीच माणसं. 2011 मध्ये त्यांनी सॅप बसवायला घेतलं, 2018 मध्ये गुंडाळलं. खर्चाचा आकडा वृत्तपत्रांत पन्नास कोटी युरोंच्या घरात सांगितला गेला. तिढ्याचं एक कारण असं छापून आलं की लिडल साठ्याचा हिशेब खरेदीच्या भावाने करते आणि मूळ सॉफ्टवेअर विक्रीच्या भावाने. दोघांपैकी कुणीतरी बदलायला हवं होतं. लिडल बदलेना, मग सॉफ्टवेअर वाकवत बसले. तुम्ही ज्युनियर आहात, मीटिंगमध्ये हे सांगू नका. पण वहीत लिहून ठेवा.

एआयकडून कोड लिहून घेता? घ्या की. फक्त त्याने सुचवलेलं फंक्शन मॉड्यूल खरंच आहे का, ते एसई 37 मध्ये टाकून बघा. नाव इतकं सॅपसारखं असतं की नसल्याचं वाईट वाटतं.

राहता राहिली कॉमेंट. जुन्या प्रोग्रामच्या डोक्यावर बदलांची वंशावळ असते: तारीख, लिहिणाऱ्याची आद्याक्षरं, टीआर (ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट) क्रमांक. तीनशे ओळी खाली एक आयएफ असतो, ‘प्लँट 1200 असेल तर वगळा’. का? ते लिहिलेलं नसतं. लिहिणारा तीन कंपन्या बदलून आता न्यू जर्सीत असतो. प्लँट 1200 चालू आहे की विकला, तेही टीममध्ये कुणाला ठाऊक नसतं. तुम्ही असलं काही लिहाल, तेव्हा वर एका ओळीत कारण लिहा. कारण माहीत नसेल तर ‘पर्चेसचे साहेब म्हणाले’ एवढं तरी लिहा. निदान पुढच्याला फोन कुठल्या खात्यात लावायचा ते कळेल.