कानाने खाणारे काका

चकली तोंडात घालायच्या आधी तपासून बघणारा माणूस तुमच्या सोसायटीत नाही असं सांगू नका, मला खोटं वाटेल. कुणी वास घेतो, कुणी उलटी करून काटे बघतो. आमच्या शिरगावातल्या बिल्डिंगीत तळमजल्यावर राहणारे काका चकली कानाला लावतात. डावा कान, डोळे मिटलेले. चकली मोडते. सगळे गप्प. मग निकाल.

‘टक्’ आला तर पास. ‘कट्’ आला तर मोहन कमी पडलं. काहीच आलं नाही तर काका डोळे उघडतात आणि अशा नजरेने बघतात की आपण थेट बदलापूर सोडून वांगणीला राहायला जावं.

या माणसाने आयुष्यात सोऱ्याला हात लावलेला नाही. काकू म्हणतात, “ह्यांना साधा चहा करता येत नाही. आधणाला उकळी आल्याचं मात्र हॉलमधून कळतं.”

पाऊस ओसरला, आश्विनातलं ऊन टाळू भाजायला लागलं आणि जिन्यात पहिल्या भाजणीचा वास आला, की काका वर येतात. कारण दरवर्षी तेच, पाण्याच्या टाकीची चौकशी. टाकी गच्चीवर आहे, काका मात्र माझ्या स्वयंपाकघराच्या दारात थांबतात. मी तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, मुगाची अर्धी, वर धणे-जिरे असं वेगवेगळं भाजत असते. डाळ कढईत हलली की काका बाहेरून सांगतात, “अजून ओली वाजतेय.” एकदा मी चिडून ‘रुचिरा’ पुढे धरलं. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली वाटी-चमच्याच्या मापात सगळं लिहून ठेवलंय, पिढ्यान्‌पिढ्या मुली त्यावर संसार करताहेत, म्हटलं तुम्हीही वाचा. काकांनी पुस्तक आदराने कपाळाला लावलं आणि म्हणाले, “उत्तम आहे. पण पुस्तकाला कान नसतात, वहिनी.”

चकलीवर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. करंजी कानाशी धरून हलवतात. आत सारण खुळखुळलं की देणाऱ्याच्या कंजूषपणावर शिक्कामोर्तब. शंकरपाळ्यांचा डबा हलवून बघतात. बेसनाचा लाडू ताटलीवर हलकेच आपटतात. तो न वाजता बसला पाहिजे म्हणे. अनारशापुढे मात्र त्यांचा नाइलाज होतो. तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवलेल्या तांदळाचा, गुळात मुरलेल्या पिठाचा तो जीव. तुपात सोडल्यावर फसकला तर अनारसा हसला म्हणतात, पण हसतोसुद्धा बिनआवाजाचा. काका त्याच्याकडे संशयाने बघत राहतात.

नोकरीत होते तेव्हा हीच परीक्षा लोकलमध्ये चालायची. दसऱ्याला डब्यात तोरणं लागायची, पूजा व्हायची, आणि दिवाळीच्या आसपास ग्रुपमधले डबे उघडायचे. पण चालत्या गाडीत चकलीचा आवाज येणार कसा? नवरा सांगतो, विठ्ठलवाडी सुटली की काका चकली हातात घेऊन तयार राहायचे. कल्याणच्या तोंडाशी गाडी सिग्नलला रखडली, की अख्खा डबा रेल्वेच्या नावाने बोटं मोडायचा आणि काका खुशीत चकली मोडायचे. लेटमार्क लागणारी माणसं श्वास रोखून निकालाची वाट बघायची.

हल्ली अर्ध्या शिरगावात फराळ ऑर्डरने येतो. बचत गटाच्या प्रदर्शनात काकांनी पाकीट कानाशी धरून दाबलं, तर विक्रीला बसलेल्या बाईंनी “फुटलं की विकत घ्यावं लागेल” म्हणून दम दिला. काकांनी ते घेतलं. घरी जाऊन ऐकलं. परत जाऊन आणखी दोन घेतली.

आता कबूल करायला जिवावर येतं, पण माणसाचं म्हणणं खरं असतं. कढईतला चुर्र आवाज म्हणजे पिठातलं पाणी वाफ होऊन पळतंय. सळसळ मंदावली, बुडबुडे विरळ झाले की चकली आतपर्यंत झाली. रंगावर विसंबलं तर मोठ्या आचेवर बाहेरून लाल होते आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडते. दारातून काका म्हणतात, “अजून बोलतेय ती. काढू नका.” मी ऐकल्याचं दाखवत नाही. झारा मात्र थांबतो.

मागल्या दिवाळीत त्यांनी बिल्डिंगीतल्या झाडून सगळ्या चकल्या नापास केल्या. पहिल्या मजल्याची मुकी, दुसऱ्याची मुकी, माझीही मुकी. बायका उसळल्या. एकीने दिलेला डबा परत मागवला. मग काकूंनी त्यांच्यापुढे घरची चकली ठेवली, जी आजवर कधी नापास झाली नव्हती. काकांनी डाव्या कानाशी मोडली, उजव्या कानाशी मोडली. मला तिसऱ्या पायरीवर टक् ऐकू आला. काका ताटलीत तुकडे जुळवत बसले होते. काकू माझ्याकडे बघत होत्या.

त्यानंतर ते माझ्याकडे आले, टाकीची चौकशी न करता. चकली मोडली आणि पहिल्यांदाच निकाल न देता माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हटलं, “आला हो काका, चांगला आला.” तेव्हा कुठे त्यांनी ती खाल्ली. फराळ संपेपर्यंत बिल्डिंगीतली पोरं आळीपाळीने त्यांच्यासाठी चकल्या ऐकत होती. पोरं लबाड. निम्मी चकली ऐकण्याची मजुरी म्हणून लाटायची.

यंदा मुलाने त्यांना कानाचं यंत्र आणून दिलंय. पहिले काही दिवस काका हैराण होते. पंखा ऐकू येतो, शेजारचा नळ ऐकू येतो, काकू पुटपुटतात तेही ऐकू येतं, आणि ते अनेक वर्षांचं साचलेलं असल्यामुळे जरा जड गेलं. चकली तर लक्ष्मी बारसारखी फुटली. सगळ्यांना मोहन कमी म्हणून पुन्हा नापास! मुलाने बटण फिरवून आवाज खाली आणला, पण काकांनी तो गुपचूप परत वाढवला असावा. कारण काल मी दार लावून, चिमणी चालू करून पहिला घाणा सोडला आणि तळमजल्यावरून हाक आली, “वहिनी, आच कमी करा!”