पुरे म्हटलं ना!

आमची इमारत पाडायचं ठरलं, तेव्हा मला कळलं की आमच्या घरात चार पकडी आहेत.

सोसायटी पुनर्विकासाला गेली. कोथरूडमधल्या चाळीस वर्षांच्या इमारतीचं दुसरं काय होणार? नवी होईपर्यंत दोन वर्षं राहायला एका बेडरूमचं घर भाड्याने मिळालं. तीन खोल्यांतलं सामान दोन खोल्यांत बसवायचं, एवढंच गणित होतं. फक्त ते मांडताना आम्ही माळा धरायचा विसरलो.

माळा म्हणजे घरातलं कोर्ट. तिथे गेलेलं प्रकरण निकालात निघत नाही, पुढची तारीख पडते. ‘असू दे, लागेल कधीतरी,’ ही ती तारीख. पकडीही तिथेच निघाल्या. पहिली सापडेना म्हणून दुसरी आणली असणार. दोन झाल्यावर दोघींचीही जागा ठरेना, म्हणून तिसरी. एकच असती तर दिवे गेल्यावरही हात नेमका तिच्यावर पडला असता. चार असल्यामुळे ऐन वेळी आमच्याकडे एकही नसते. चौथी मुळात आमची नाही, असा मला संशय आहे. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी.

भांड्यांची अडचण वेगळी, कारण त्यांच्यावर नावं असतात. एका तांब्यावर ‘मामांकडून, 14-5-78’ असं टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे. असा तांब्या ना कुणाला आहेरात देता येत, ना मोडीत घालता येत. मामा जाऊन वीस वर्षं झाली, तांब्याला साधा पोचा नाही. एका डब्यावरचं नाव झिजून गेलंय. मी तो बाजूला ठेवला, तर बायको म्हणाली, “अहो, तो आत्याबाईंचा. त्यांचंच अक्षर आहे.” अक्षर भांडीवाल्याचं असतं, हे मी बोललो नाही. डबा परत खोक्यात गेला.

मला वाटतं, दोष आपल्या पंगतीचा आहे. ‘पुरे’ हा शब्द आपण पंगतीत शिकतो आणि त्याची किंमतही तिथेच जाते. पानावर दोन्ही हात आडवे धरले, तरी वाढणारा जिलब्यांचं ताट घेऊन तसाच ओणवा उभा राहतो. बोटांत जरा फट दिसली की जिलबी आत. पहिल्याच ‘पुरे’ला जो पुढे सरकतो, त्या यजमानाच्या कंजूषपणाची चर्चा विडा चघळताना होते. जन्मभर असं वाढून घेतल्यावर माणसाचा स्वतःच्या ‘पुरे’वरही विश्वास राहत नाही. दुकानात ‘एकावर एक मोफत’ची पाटी दिसते, तेव्हा मला तोच ताटवाला ओणवा झालेला दिसतो.

गाडगेबाबांकडे फुटक्या गाडग्याचं एक खापर होतं. भूक लागली की ते ताट, तहान लागली की पेला, ऊन लागलं की उपडं केलेली टोपी. 1905 मध्ये त्यांनी घर सोडलं. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतः खापर आणि खराट्यावरच राहिले. एका वस्तूची तीन कामं! आमच्याकडे एका लसणासाठी तीन वस्तू निघाल्या. एक सोलायची, एक ठेचायची आणि एक भोकाभोकांचं भांडं, त्याला हवा लागावी म्हणून. लसूण बायको अजून नखानेच सोलते.

पण कमी वस्तू असल्या की जीवही कमी अडकतो, असं मात्र नसावं. काका कालेलकरांनी गांधीजींची एक आठवण सांगितली आहे. 1915 ची मुंबईची काँग्रेस. गांधीजी टेबलावर, आजूबाजूला, सगळीकडे काहीतरी शोधत होते. काय, तर पेन्सिलीचं एक एवढंसं थोटूक. कालेलकर आपली पेन्सिल देऊ लागले, पण चालेना. मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलाने ते थोटूक प्रेमाने दिलं होतं, ते हरवून कसं चालेल? अखेर ते सापडलं, तेव्हाच त्यांचा जीव भांड्यात पडला. हे मी मोठ्या उत्साहाने बायकोला ऐकवलं. मामांच्या तांब्याला एवढा मोठा साक्षीदार मिळाला होता. ती म्हणाली, “त्यांचं एक थोटूक होतं. तुमची मी काल मोजली.”

तेव्हा मग बोहारणीला हाक मारली. हल्ली ती फारशी दिसत नाही, पण आमच्या गल्लीत एक अजून येते. तिने दारात फतकल मारली, भांड्यांची पाटी उतरवली आणि बायकोची एकेक साडी उजेडात धरून विरलेली जागा शोधू लागली. जर बोटाने घासून पाहिली. पॅन्टींची आधी बैठक पाहिली, मग चेन वरखाली केली. माझा एक शर्ट तिने न उलगडताच बाजूला सारला.

“कापड बघा ना, मावशी.”

“कापडाला काय करू? गिऱ्हाइक कॉलर बघतंय.”

लग्नातला सूट तर तिने हातातही घेतला नाही. टाकून द्यायला काढलेले आपले कपडे कुणी नाकारले की एवढं का लागतं, कोण जाणे. मी म्हटलं, “मावशी, भांडं नको आम्हाला. कपडे असेच घेऊन जा.”

तिने हातातली साडी खाली ठेवली. “का? काय खराबी हाय?”

फुकटचा विषय तिथेच संपला. बायकोचं एव्हाना झाकणाच्या एका मोठ्या पातेल्याकडे लक्ष गेलं होतं. चौदा साड्या, सहा पॅन्टी आणि सासूबाईंची शाल. बोहारीण मान हलवत राहिली. “अजून दोन पॅन्टी टाका, काका.” आमच्याकडे पातेली सात आहेत, नव्या घरात दोनच बसणार आहेत, आणि मी घर हलकं करायला बसलोय, हे सगळं मला पाठ होतं. तरी मी आत गेलो आणि एक चांगली वापरातली पॅन्ट घेऊन आलो. तिने घासाघीस न करता ती ठेवून घेतली. मला जिंकल्यासारखं वाटलं.

तिने चादर पसरून सगळ्याचं गाठोडं बांधलं, त्यावर पाटी ठेवली, डोक्यावर चुंबळ बसवली आणि म्हणाली, “हात लावा जरा.”

मी एका बाजूने उचललं. पहिल्यांदा हललंच नाही. दुसऱ्यांदा माझ्या कमरेतून आवाज आला.

“जड आहे हो!”

“तुमचंच हाय की, काका,” ती म्हणाली आणि मान ताठ धरून जिना उतरू लागली.