रीजन पाच

बेळगावजवळच्या मच्छेत कॉम्प्युटरचं काही अडलं तर माणूस व्हीटीयूकडे जात नाही, आपल्याकडे येतो, असं मामा सांगतात. अख्ख्या कर्नाटकाला इंजिनियर पुरवणारं हे विद्यापीठ 1998 सालचं आणि मामांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण मामांच्या लेखी ते अजून प्रोबेशनवर आहे. मामा फौंड्रीतले निवृत्त फिटर. ज्याला कान लावता येतो ते यंत्र, बाकी सगळं खेळणं, ही त्यांची व्याख्या.

मुलाने दिलेल्या नव्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायला तोंडच नव्हतं. मामांनी खडे बाजारातून यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह आणला. थोरलीच्या लग्नाची डीव्हीडी काढली, बनियनच्या टोकाने मधून कडेकडे पुसली (गोल गोल पुसणाऱ्याला ते माणसात धरत नाहीत), आत सरकवली आणि कान लावला.

"फिरायलीय बघ. बेअरिंग झकास हाय."

चित्र मात्र येईना. व्हीओबी नावाच्या फायलींची रांग तेवढी दिसली.

दोष बेअरिंगचा नव्हताच. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-2 पद्धतीने दाबून भरलेलं असतं आणि ते उलगडण्याच्या हक्कापायी दर मशीनमागे रॉयल्टी द्यावी लागे. मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये विंडोज 8 काढताना हा खर्चच छाटला आणि प्लेयरमधून डीव्हीडी गेली. विंडोज 10 वाल्यांसाठी वेगळा प्लेयर ठेवला, पण विकत. मामा उसळले, "माझ्याच पोरीचं लगीन बघायला मला तिकीट?"

भाड्याने राहणाऱ्या एका पोराने फुकटातलं व्हीएलसी सुचवलं. पण ते साल 2022. त्या वर्षी फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत व्हीएलसीची वेबसाइट भारतात ठिकठिकाणी सरकारी आदेशाने बंद होती. मामांना मनापासून आनंद झाला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या माणसाला सरकारने काही अडवलं की जुना सोबती भेटल्यासारखं वाटतं. "आमची सीमेची केस 2004 पासून सुप्रीम कोर्टात हाय, ती हलंना. आणि हे कसं झटक्यात बंद करता येतंय रे?"

शेवटी पोराने पेन ड्राइव्हवरून व्हीएलसी घालून दिलं. नारिंगी शंकूचं चित्र बघून मामांनी आधी विचारलं, "हायवेचं काम इथंबी काढलं काय?" लग्न लागलं. 1996 मध्ये पॅरिसच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केलं, हे कळल्यावर मामांनी त्या पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि तुमी लोक नुसती बिर्याणी मागवताय."

खरी मजा पुतण्याने अमेरिकेहून पाठवलेल्या इंग्रजी सिनेमाच्या डीव्हीडीने आणली. ती व्हीएलसीतही उघडेना. सिनेमा कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जगाच्या वाटण्या केल्यात: अमेरिका रीजन 1, आणि भारत, रशिया, बरीचशी आफ्रिका रीजन 5. एका रीजनची डिस्क दुसऱ्याच्या ड्राइव्हला चालत नाही. ड्राइव्हचा रीजन पाच वेळा बदलता येतो, मग जिथे असेल तिथेच कायमचा.

"पाच वेळा?" मामा खुर्चीतून उठले. "आमचा एकदाच बदलला, 1956 ला, राज्यं पाडली तवा. अजून निस्तरायलोय!"

त्यांनी रीजन बदलला नाही. सिनेमा तत्त्वासाठी बघितला नाही.

आता ते गल्लीतल्या सगळ्यांच्या डीव्हीडी हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्हवर उतरवून देतात. तुमच्याही कपाटात लग्नाच्या, बारशाच्या डिस्क पडून असतील तर लवकर काढा. स्टुडिओवाल्याने रेकॉर्ड केलेल्या डिस्कचा थर वर्षागणिक खराब होत जातो, मग बनियनने पुसून उपयोग नाही. मामा पैसे घेत नाहीत. फक्त कॉपी होईस्तोवर शेजारी बसून अख्खं लग्न त्यांच्याबरोबर बघावं लागतं, हळदीपासून पंगतीपर्यंत, वाढप्यांच्या चुकांसकट. तेव्हा जेवून या.