बिनपरवान्याचे वस्ताद

नानांच्या घरी गेलात तर बसायला खुर्ची मिळते, पण ती धरायची कशी हे आधी ऐकून घ्यावं लागतं. चारही पाय समोर, पाठ आपल्या छातीशी. चाकूवाला अंगावर आलाच तर त्याचा हात आणि आपलं पोट यांच्यामध्ये खुर्ची राहिली पाहिजे. एवढं पाठ झालं की बसायचं, मग चहा येतो. कढत चहा तोंडावर फेकला तर चोर आंधळा होतो, असं नानांचं मत. म्हणून पाहुण्यानं कपावर फुंकर घातली की ते हळहळतात. हत्यार निवलं!

संगमनेर तालुक्यात, प्रवरेकाठच्या उसात, नानांची वस्ती आहे. एसटीत कंडक्टर होते. तिकिटांची पत्र्याची पेटी, पंच आणि चिल्लरनं फुगलेली चामडी बॅग ही त्यांची पहिली शस्त्रसामग्री. राजूरच्या मुक्कामी गाडीत एका पाकीटमाराला त्यांनी बॅगेचा एकच फटका दिला होता. सुरुवातीला तो एकटा होता. नाना निवृत्त झाले तेव्हा तीन झाले होते. आता पाच आहेत, आणि त्यातल्या दोघांकडे रामपुरी आहे.

चिल्लरीचा विषय निघाला की चांदबिबी आलीच. अकबराचा मुलगा मुराद 1595 मध्ये नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. गोळे संपले तेव्हा चांदबिबीनं तोफांतून तांब्याची, चांदीची, शेवटी सोन्याची नाणी डागली, अशी आख्यायिका आहे. नानांना त्यात आख्यायिका वगैरे काही दिसत नाही. “हातात असंल ते हत्यार! आणि तुम्ही? खिशात फुटका रुपया नाही, सगळं फोनपे. चोर आला तर काय क्यूआर कोड फेकून मारणार?”

नानांच्या घरात नुसती वस्तू अशी नाहीच. छत्री म्हणजे भाला. उपरणं डाव्या हाताला गुंडाळलं की ढाल. मिरचीची पूड वाऱ्याची दिशा बघून. (दिशा न बघता काय होतं ते नानांचे डोळे सांगतात, नाना सांगत नाहीत.) आणि स्वयंपाकघर म्हणजे तर दारूगोळ्याचं कोठार. या सगळ्याला कायद्याचा आधार आहे. शस्त्र नियमांप्रमाणे 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, पण घरकामासाठी आणि शेतीसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. या एका ओळीवर नानांची विळी, विळा आणि उसाचा कोयता निर्धास्त टांगलेले आहेत. अर्थात तोच कोयता परजत भर बाजारात फिरलात तर ऊस कुठाय, असं फौजदार विचारणारच. नानांना तेही ठाऊक आहे. पूर्वी दंड संहितेची 96 ते 106 ही कलमं त्यांना पाठ होती. भारतीय न्याय संहिता आली, स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये गेला, तर नानांनी एका रात्रीत आकडे बदलून घेतले. बचावाला लागेल तेवढंच मारायचं, त्याहून जास्त नाही, हे ते पोरांना बजावून सांगतात. पाच पाकीटमारांच्या गोष्टीत मात्र हे कलम लागू होत नाही.

नानींचं माहेर शनिशिंगणापूरकडचं. जिथे घरांना दारं नसायची आणि 2011 मध्ये बँकेची शाखासुद्धा बिनकुलपाची उघडली, तिथली ही बाई. जन्मात कडी न लावलेल्या माणसाच्या पदरी दाराला तीन अडसर लावणारा नवरा पडला. नानी फारसं बोलत नाहीत. सकाळी बिडाच्या तव्यावर धिरडी घालतात. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, ताक, लसूण-मिरचीचा ठेचा. कांद्याच्या फोडीनं तव्याला तेल फासायचं, पीठ वाटीनं कडेकडेनं सोडत मध्यावर यायचं, कडा सुटल्या की उलथणं सरकवायचं. नेमकं त्याच वेळी नानांना उलथणं प्रात्यक्षिकासाठी हवं असतं. धिरडं करपतं. “अहो, चोर येईल तेव्हा येईल, आधी हे उलटू द्या,” एवढंच नानी म्हणतात.

गेल्या दिवाळीत पुण्याहून मुलगा-सून आले ते नातवासाठी वॉफलचं यंत्र घेऊनच. नानांनी ते हातात घेऊन तोललं. दांडा बघितला, झाकण दोनदा आपटलं. “वजन बरंय. कपाळावर बसलं तर अशी चौकड्यांची जाळी उमटंल. ओळखपरेडीला पोलिसांना काम सोपं.” सून म्हणाली, “नाना, त्यात खायचं करतात.” वॉफल झालं. नानांनी ते उजेडात धरलं, खळगे मोजले, आणि निकाल दिला : “हे तर नगर-मनमाड रस्त्यावरून आलेलं धिरडं!” खळग्यांत मध साचून राहतो, असं नातवानं समजावलं. “आमच्या रस्त्यावर पण साचतं,” नाना म्हणाले, “पण ते मध नसतं.” सुनेनं मग केलेल्या पॅनकेकवर मात्र त्यांचा आक्षेप तांत्रिक होता : फार मऊ, फेकून मारण्याच्या कामाचा नाही. नानींचं गार झालेलं धिरडं त्या मानानं पुष्कळ पल्ला गाठतं. हे बोलायला नको होतं. नानांना त्या दिवशी दुसरं वाढलं गेलं नाही.

आता बिबट्याचं. आमच्याकडे ही थट्टा नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात, जंगल नसलेल्या शेतीच्या पट्ट्यात, 100 चौरस किलोमीटरमागे पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे असल्याचं संशोधकांनी 2013 मध्ये छापलं होतं. पलीकडे शिरूरकडे शेतात जाताना लोकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधले. मोटारीची वीज रात्री येते, म्हणून माणूसही रात्रीच पाणी द्यायला जातो. इथे नाना अचानक शहाण्यासारखं बोलतात : वाकू नका, एकटे बसू नका, काठीला घुंगरू बांधा, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावा, दिसलाच तर पाठ फिरवून पळू नका.

एका रात्री ते स्वतः मोटार चालू करायला गेले. कमरेला विळा, हातात घुंगुरकाठी आणि बॅटरी, खिशात मिरचीपूड. उसाच्या कडेला दोन डोळे चमकले. पुढचं मला सालदारानं सांगितलं. काठी खाली पडली, बॅटरी पाटात गेली, विळा म्यानात राहिल्यासारखा कमरेलाच राहिला. तेवढ्यात खिशातला फोन ढोलताशाच्या आवाजात केकाटला आणि डोळे उसात नाहीसे झाले. फोन नानींचा होता. धिरडी गार होतायत, या म्हणून.

नाना म्हणतात, ध्वनी हे शस्त्र त्यांनी मुद्दाम राखून ठेवलं होतं. नानी म्हणतात, ती शेजारची कालवड होती.

तरीही आमच्या वस्तीवरच्या पोरी नानांकडे शिकतात आणि आयांची त्याला हरकत नसते. कारण चाकू निघाला तर नाना कुणालाही लढायला सांगत नाहीत. पैसे, मोबाइल मागितला तर देऊन टाका. वाट मोकळी असेल तर पळा. नसेल तर मध्ये काहीतरी धरा आणि बोंब मारा. सुटलात की 112 फिरवा. सुरी स्वतः बाळगू नका, हिसकली गेली की ती त्याची. निम्मा तास गेला की ही पाच वाक्यं येतात. उरलेला वेळ पाच पाकीटमारांचा.

वर्ग दर रविवारी सकाळी, नानांच्या अंगणात. फी नाही, नाश्ता आहे. जाणार असाल तर धिरडं तव्यावर असताना जाऊ नका.