आप्पांची ओरिजिनल ब्राँझ

लासूर स्टेशनला कांद्याचे लिलाव आटोपले की आमच्या आप्पांच्या अंगात दोनच गोष्टी उरतात, घोगरा आवाज आणि पाहुण्याला हॉल दाखवायची हौस. चहा येईपर्यंत तुम्हाला सोफ्याची किंमत, झुंबराची किंमत आणि जावयाचा पगार कळलेला असतो. (पगार कधी कधी दोनदा, आणि दुसऱ्या वेळी थोडा वाढलेला.) मग टीव्हीशेजारच्या कोपऱ्याकडं हात जातो. "ही बघा. ओरिजिनल ब्राँझ!"

दीड फुटी बाई. डोक्यावर शिरस्त्राण, हातात भाला आणि ढाल, पायाशी घुबड. लेकानं पुण्याहून ऑनलाइन मागवून वास्तुशांतीला पाठवली. खोक्यावर नुसतं 'ग्रीक देवी' लिहिलेलं, त्यामुळं नाव ठेवायचं काम आप्पांकडं आलं. ते त्यांनी गिऱ्हाईक बघून केलं. वकील आले की न्यायदेवता, मास्तर आले की सरस्वती. बँकेचे साहेब आले तर घुबडाकडं बोट दाखवून, "लक्ष्मी! वाहन ओळखलं नाही का?"

काकूंना मात्र ते घुबड खुपायचं. "गावात दाक्षायणी जागृत बसलीय, अन् ह्यांना घुबडवाली पाहिजे!"

शेवटी मीच शहाणपणा केला. म्हणालो, आप्पा, ही अथेना. बाप झ्यूस, त्याच्या डोक्यातून चिलखतासकट बाहेर पडली. काकू म्हणाल्या, "त्यात काय, आमचीपण बापाच्या डोक्यावरच बसलीय." मी नेटानं पुढं गेलो. विद्या, हस्तकला आणि युद्ध ही तिची खाती. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला घुबड. लोक त्या नाण्यालाच 'घुबड' म्हणायचे.

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे सरस्वती, दुर्गा अन् वर लक्ष्मी! तीन नग एका भावात!"

मला वाटलं होतं फजिती होईल. झालीच, पण माझी. वर मी पैठणचंही सांगून बसलो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात आपल्या पैठणचा माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचा, असं लिहिलंय. तेव्हापासून आप्पा पाहुण्यांना सांगतात, "आपली जुनी पार्टी आहे ती. माल नेला होता, आता देवी पाठवली. हिशोब चुकता."

दिवाळीच्या साफसफाईत भाला निखळला. मोडलेल्या जागी आत पांढरं दिसलं. असल्या मूर्ती बहुधा रेझिनच्या असतात, वरून ब्राँझचा नुसता रंग. तळाच्या चिकटपट्टीवर 'ब्राँझ फिनिश' असं छापलेलंही होतं. मी ते हळूच दाखवलं. आप्पा म्हणाले, "तेच तर! फिनिश म्हणजे एकदम फिनिश माल!" आणि फेवीक्विक आणायला पोराला पिटाळलं. भाला बसला, पण जरा तिरका. आता बाई युद्धाला निघालेली न वाटता भिंतीवरचं जाळं काढत असल्यासारखी वाटते.

तरी मनात शंका राहिली असणार. एके दिवशी सकाळी लवकर, आडतीत कुणी नसताना, आप्पांनी तिला कांद्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभी केली. काटा म्हणाला, एक किलो आठशे पन्नास. उतरवली, काटा शून्यावर आणला, परत ठेवली. तेवढंच. चाळीस वर्षं आडत केलेल्या माणसाचा आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या काट्यावर विश्वास बसला नाही.

लासूर स्टेशनला आलात तर आप्पांकडं चहा जरूर घ्या. मूर्तीची किंमत विचारा, नाव विचारा, घुबडाचं तर हमखास विचारा. वजन तेवढं विचारू नका.