चिमट्याचा बुश

पुढंमागं शॉकअप असलेली सायकल करकंबला नवी नाही. तसल्या डबल शॉकर इथल्या पोरांनी सातवी व्हायच्या आत खिळखिळ्या करून भंगारात घातल्यात. पण भाचा पुण्याहून घेऊन आला ती वेगळ्या जातीची. तेवढ्या पैशात आमच्याकडं म्हैस येते, आणि ती दूधही देते.

उजनीच्या कालव्याकडेनं चक्कर मारून आला तो तोंड पाडूनच. "मामा, मागून ठकठक येतंय. पिव्हटमध्ये प्ले आलाय." मागचा चिमटा सांगाड्याला जिथं जोडतात ते सांधे म्हणजे पिव्हट, आणि त्या प्रत्येकात बेरिंगं. सगळीच बदलायची म्हणून त्यानं फोन काढलासुद्धा.

मी त्याला गॅरेजवर नेलं. उसाच्या हंगामात टेंभुर्णी रोडला जोड-ट्रॉल्या धावायला लागल्या की रस्त्याची चाळण होते, मोटारसायकलींच्या चिमट्याचे बुश झिजतात, आणि त्यावरच आमच्या मिस्त्रीचं घर चालतं. सायकल दिसताच पाचपन्नास तज्ज्ञ गोळा झाले. एकानं ग्रीस सुचवलं, एकानं सायकल विकायला सांगितली.

मिस्त्रीनं आधी मागचं चाक आडवं हलवून बघितलं. मग म्हणाला, "गुरुजी, सीट धरून हळूच उचला. दणका नगं." मी उचलत होतो नि तो एकेका सांध्यावर बोट ठेवत होता. चिमट्याचा मोठा सांधा गप्प. शॉकअपच्या टोकाच्या डोळ्यावर, जिथनं पिन जाते तिथं, बोट गेलं आणि तो थांबला. "बेरिंगा बऱ्या हायती. हितला बुश गेलाय."

भाच्याला पटेना. बेरिंगंच जातात, असं त्यानं वाचलं होतं. तसं ते खोटं नाही. चाकातलं बेरिंग गरगर फिरतं, वंगण सगळीकडं पोचतं. पिव्हटमधलं जरासं इकडं, जरासं तिकडं. छर्रे त्याच जागी घासून खळगे पाडतात, पारावर बसून कुरकुरणाऱ्या आमच्या पेन्शनरांसारखे. म्हणून अशा सांध्यांसाठी पिंजरा काढून जादा छर्रे ठासलेली बेरिंगंही मिळतात. पेन्शनरांवर अजून तोडगा नाही.

पिन १२.७ मिलिमीटरची. "म्हंजी अर्धा इंच," मिस्त्री म्हणाला आणि टर्नरकडं पोरगं पिटाळलं. कंपनीचा बुश यायला महिना लागला असता. गनमेटलचा दुसऱ्या चहाआधी आला. व्हाइसमध्ये धरून दाबून बसवला. ठकठक बंद.

आता बोल्ट. मिस्त्रीनं पान्याला अंगचा भार द्यायची तयारी केली, तसा भाचा ओरडला. ॲल्युमिनियमचे आटे, जादा आवळले की गेले! त्यानं पिशवीतून लांबलचक टॉर्क पाना काढला, आकडा लावला नि अलगद फिरवू लागला. सगळे वाकले. ठरलेल्या आकड्याला पाना 'कट्' वाजला.

"तुटला," मागून कुणीतरी समाधानानं म्हणालं.