कर्क्युमिनची पालखी

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आतड्यात मात्र तिला कोणी दारात उभं करत नाही. तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, उजेडात विटतं, आणि चुकून आत शिरलंच तर यकृत त्याची तातडीने वासलात लावतं. म्हणून आता त्याला लेसिथिनच्या सूक्ष्म पालखीत बसवून, चकचकीत डबीतल्या गोळ्यांतून पोटात धाडतात. खरं तर १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी मिऱ्यातलं पिपरिन सोबत दिलं, तर माणसांत शोषण सुमारे वीसपट वाढलं. पण मिरपुडीला तशी डबी कुठून असणार? (हळदीत कर्क्युमिन शेकडा तीन-चारच, तेव्हा फोडणीवाल्यांनीही फार हुरळू नये.) डबी जरूर घ्या. तिची किंमत तेवढी कुठल्याही वेष्टनाशिवाय थेट रक्तात उतरते.